मदत हवी आहे: बोअरचं पाणी वीस मिनिटांत तुटतं (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदुरातली बोअर, साडेसहा इंची, ३५० फूट खोल, खाली सगळा काळा पाषाण. दीड एचपी सिंगल फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेला पंप) २८० फुटांवर. सकाळी पाणी १६० फुटांवर असतं. मिनिटाला ४० लिटर येतं, पण वीस-बावीस मिनिटांनी हवा मिसळते आणि मोटरचे अँपिअर ९ वरून ६ वर उतरतात. केबल, कपॅसिटर, व्होल्टेज तपासले, ठीक आहेत. पाइप फुटला असता तर पाणी सुरुवातीपासूनच कमी आलं असतं.

हिशेब असा: या व्यासात फुटाला साधारण साडेसहा लिटर, म्हणजे पातळीपासून पंपापर्यंतच्या १२० फुटांत ७८० लिटर. तेवढंच उपसलं जातं. पातळी परत यायला तीन तास लागतात, म्हणजे झऱ्याची आवक मिनिटाला जेमतेम चार लिटर.

पंप ४० फूट खाली सोडला तर २६० लिटरच वाढतील, शिवाय पंप गाळाजवळ जाईल. त्यामुळे ड्राय-रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारं यंत्र) आणि टायमर लावायचं मनात आहे. मोटर वाहत्या पाण्यानेच थंड होते, तर उपसा कमी करायला पाइपवरचा गेट व्हॉल्व्ह किती आवळला तरी ती थंड राहील? आणि अशा पाषाणात हायड्रोफ्रॅक्चरिंग (जोरदार दाबाने पाणी सोडून खडकातल्या भेगा मोकळ्या करणं) कोणी करून पाहिलं आहे का? आधीची आणि नंतरची आवक मोजली असेल तर आकडे नक्की सांगा.