लष्करी साय-फाय मालिकेच्या शेवटच्या पुस्तकाने तुमचा पोपट केलाय का? अनुभव सांगा

काल रात्री पावणेदोनला 'फॉरेव्हर फ्री' संपवलं आणि झोपच उडाली, रागाने. घरात ऐकून घ्यायला कोणी जागं नव्हतं, म्हणून हा धागा. स्पॉयलर भरपूर आहेत. वाचायची असतील ही पुस्तकं तर इथूनच मागे फिरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जो हॉल्डमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढून, जखमी होऊन परतलेला. त्याच्या 'द फॉरेव्हर वॉर'ला (१९७४) ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. त्यातला सैनिक मँडेला प्रकाशाच्या जवळपास वेगाने मोहिमांवर जातो. त्याची मोजकी वर्षं सरतात आणि इकडे पृथ्वीवर शतकं. सुट्टीवर आला की भाषाही अनोळखी, माणसंही. शेवटी त्याच्या हातात प्रेयसी मेरीगेची जुनी चिठ्ठी पडते. ती एका यानात बसून नुसती ये-जा करतेय, म्हणजे दहा वर्षांत तिचं वय फक्त महिनाभराने वाढतं. ज्या नियमाने दोघांची ताटातूट केली, तोच वापरून बाई वाट बघत बसली! मी त्या पानावर रडलो होतो, खोटं कशाला सांगू.

त्याचा पुढचा भाग 'फॉरेव्हर फ्री' आला १९९९ मध्ये. सुरुवात झकास. थंडगार ग्रहावर कंटाळलेले जुने सैनिक यान घेऊन चाळीस हजार वर्षं पुढे जायचं ठरवतात, त्यांच्या हिशेबाने दहाच वर्षं. मग यानातलं प्रतिद्रव्य, म्हणजे त्याचं इंधनच, गायब होतं. कसेबसे परततात तर ग्रहावर माणूस नाही, नुसते रिकामे कपडे पडलेत. इथे अंगावर काटा आला माझ्या. आणि उत्तर काय, तर एक अनाम सर्वशक्तिमान प्रकटतो आणि सगळी त्याचीच करणी निघते. अहो, पहिल्या पुस्तकात चिलखताची एक शिवण उसवली तरी माणूस मरत होता!

तुमचाही असा अनुभव असेल तर लिहा. नुसतं 'बोअर झालं' नको, नेमकं कुठे बिनसलं ते सांगा.

*

अगदी अगदी! माझी तर आणखी वरताण. मी 'फॉरेव्हर पीस'च (१९९७) दुसरा भाग समजून वाचायला घेतलं. ऐंशी पानं झाली तरी मँडेलाचा पत्ता नाही. नंतर कळलं, नावापुरतंच नातं, कथा पूर्ण वेगळी. गंमत म्हणजे तेच जास्त आवडलं. मग जे खरोखर पुढचं होतं ते वाचलं आणि तुमच्यासारखीच गत झाली.

*

मी डेव्हिड वेबरच्या ऑनर हॅरिंग्टनची, म्हणजे त्याच्या मालिकेतल्या अंतराळ नौदल अधिकारी बाईची, वारकरी. 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन'मध्ये (१९९३) तिच्या हातात एक जुनी हलकी क्रूझर, म्हणजे छोटी युद्धनौका. वरिष्ठांच्या हट्टापायी तिच्यात जेमतेम पल्ल्याचं प्रायोगिक शस्त्र बसवलेलं, त्यासाठी नेहमीची शस्त्रं काढलेली. त्याच लंगड्या जहाजाने ती व्यापारी जहाजाच्या वेषातल्या शत्रूचा पाठलाग करते. दर हल्ल्यागणिक कोणता विभाग गेला, कोण मेलं, हे कळत राहतं. ते पल्लेदार नसलेलं शस्त्र शेवटी चालवायला मिळतं तोवर निम्मं जहाज उरलेलं नसतं.

'अनकॉम्प्रमायझिंग ऑनर'पर्यंत (२०१८) येईतो हजारोंनी क्षेपणास्त्रं सुटतात आणि मी आकडे ओलांडून पुढच्या परिच्छेदावर जाते. तिच्या बाजूचं तंत्रज्ञान इतकं पुढे गेलेलं की समोरचे मरायलाच आलेले. भीती कसली वाटणार? त्यात मधल्या पुस्तकांत एकच घटना पुन्हा दुसऱ्याच्या नजरेतून.

वेबरने ऑनरला २००५ च्या 'ॲट ऑल कॉस्ट्स'मध्येच मारायचं ठरवलं होतं, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनसारखं, ऐन विजयात. मग बेत बदलला. ती माझी लाडकी आहे, पण तेव्हाच गेली असती तर मी आजही तिच्यासाठी रडले असते.

*

वरच्या प्रतिसादाला +१. आकडा वाढला की मरण स्वस्त होतं.

*

जॉन स्कॅल्झीच्या 'ओल्ड मॅन्स वॉर'बद्दल कोणीच कसं बोललं नाही? पंचाहत्तरीचे म्हातारे भरती होतात, त्यांना हिरवं, तरुण शरीर मिळतं, २००५ मध्ये मी खुळावलो होतो. त्याच मालिकेतल्या 'द लास्ट कॉलनी'मध्ये (२००७) वसाहत चहूबाजूंनी घेरलेली, आता काय होणार? नायकाची मुलगी झोई निघून जाते आणि परतते ती शत्रूची शस्त्रं निकामी करणारं यंत्र घेऊनच! कुठून, कसं, ते नीट वाचायला पुढच्या वर्षीचं 'झोईज टेल' घ्यायचं. शिवाय त्या ग्रहावरचे मूळ रहिवासी, ज्यांना हे लोक लांडगे-माणसं म्हणतात, मध्येच जे गायब होतात ते होतातच. वाचकांनी इतकी कुरकुर केली की 'झोईज टेल'मध्ये त्यांना परत आणावं लागलं. तेवढी दाद स्कॅल्झीला.

*

मी विरुद्ध बाजूने बोलतो, जोडे आणा.

'फॉरेव्हर वॉर'मधलं युद्ध अकराशेहून जास्त वर्षं चालतं आणि शेवटी कळतं की ते गैरसमजातून झालं, दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलताच येत नव्हतं. मँडेलाला आयुष्यभर कोणी तरी कुठून तरी हलवलंय. मग शेवटी त्याला भेटणारा सर्वशक्तिमान तितकाच बेफिकीर निघाला, तर ते विसंगत कुठे? मी सैनिकाचा मुलगा आहे. 'का पाठवलं' या प्रश्नाला वडिलांना कधी धड उत्तर मिळालेलं मी पाहिलं नाही. मला ते पान खरं वाटलं.

*

(धागाकर्ता) तुमचा मुद्दा पटतोय, आणि म्हणूनच जास्त चीड येतेय. हे उत्तर मँडेलाने धडपडून शोधलं असतं तर मी मान्य केलं असतं. तो मात्र शेवटी नुसता उभा राहून ऐकतो. मेरीगेने वाट बघायलासुद्धा आधी एक यान मिळवलं होतं हो!

*

मी 'फॉरेव्हर फ्री' त्या रिकाम्या कपड्यांपर्यंत वाचलंय. खूण अजून तिथेच आहे. हा धागा वाचून आता ती काढून टाकू की राहू देऊ?

*

राहू दे.