कांद्याच्या दराचा अहवाल: सरासरी द्यावी, मध्यक द्यावा की दोन्ही?

निफाडचा_कांदेकरी:
नमस्कार. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेसाठी उन्हाळ कांद्याच्या विक्रीचा अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. एका दिवशी लिलावात गेलेल्या नऊ सभासदांच्या मालाला मिळालेले प्रति क्विंटल दर चढत्या क्रमाने असे आहेत: 300, 700, 1400, 1500, 1600, 1600, 1700, 1800 आणि 2000 रुपये. यांची सरासरी 1400 येते. परंतु नऊपैकी सहा जणांना त्याहून अधिक दर मिळालेला असल्यामुळे सभासदांना हा आकडा पटत नाही. बाजार समितीच्या पत्रकात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. त्यांतील सर्वसाधारण दर म्हणजे सरासरीच का? शिवाय प्रमाण विचलन (दर सरासरीभोवती किती पांगले आहेत याचे माप) काढायचे झाल्यास नऊने भागावे की आठाने? दोन पुस्तकांत दोन निरनिराळी सूत्रे दिली आहेत. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

संख्याशास्त्र_अध्यापिका:
आपले गणित बरोबर आहे आणि सभासदांची शंकाही रास्त आहे. सरासरीत प्रत्येक दराची रक्कम मिळवली जाते, त्यामुळे 300 रुपयांना गेलेला एकच ढीग (बहुधा खाद किंवा गोल्टी, म्हणजे खराब किंवा अगदी बारीक कांदा असावा) संपूर्ण सरासरीला खाली ओढतो. तो वगळून पाहा: उरलेल्या आठ दरांची सरासरी 1537 रुपये 50 पैसे होते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधोमधचा आकडा, मात्र क्रमावर ठरतो. नऊ दरांतील पाचवा दर 1600 आहे, आणि 300 चा ढीग काढून टाकला तरी मधल्या दोन दरांवरून मध्यक 1600 च येतो. त्या ढिगाला 300 ऐवजी 50 रुपये मिळाले असते, तरीही मध्यक जागचा हलला नसता. लिलावात उभ्या असलेल्या सर्वसामान्य शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हे सांगायचे असेल तर मध्यक द्यावा.

सर्वसाधारण दर ही सरासरी नव्हे. ज्या दराने त्या दिवशीचा बहुतांश माल विकला गेला, तो सर्वसाधारण दर. म्हणजे शाळेत शिकवतात त्या भाषेत तो बहुलकाच्या जवळचा आहे. कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांची बेरीज करून दोनाने भागण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती कटाक्षाने टाळावी. आपल्या आकड्यांत तसे केल्यास 1150 येतात, आणि नऊपैकी सात जणांना त्याहून अधिक दर मिळालेला आहे.

हिशेबनीस:
वरील उत्तराला एक आवश्यक जोड देतो. मध्यकावरून कंपनीचा हिशेब जुळत नाही, कारण त्याला एकूण क्विंटलनी गुणून एकूण रक्कम मिळत नाही. ती जुळते फक्त भारित सरासरीने, म्हणजे सर्व हिशेबपट्ट्यांवरील (विक्रीच्या पावत्यांवरील) रकमेची बेरीज भागिले एकूण क्विंटल या आकड्याने. आपण दिलेल्या 1400 मध्ये प्रत्येक ढीग समान धरला आहे. समजा, 300 चा ढीग 3 क्विंटल, 700 चा 5 क्विंटल आणि उरलेले सात प्रत्येकी 20 क्विंटलचे होते. तर 148 क्विंटलचे 2,36,400 रुपये झाले आणि भारित सरासरी सुमारे 1597 रुपये आली. तेच दर असताना केवळ वजन लक्षात घेतल्याने जवळजवळ 200 रुपयांचा फरक पडला! म्हणून पट्टीवरची वजने अहवालात घेतल्याशिवाय कोणतीही सरासरी छापू नये, असे माझे ठाम मत आहे.

निफाडचा_कांदेकरी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वजने पट्ट्यांवर आहेत, ती घेतो. ताई, प्रमाण विचलनाचा प्रश्न मात्र राहिला. ते सभासदांना सांगण्याजोगे आहे का?

संख्याशास्त्र_अध्यापिका:
सांगण्याजोगे आहे, पण जपून. प्रत्येक दरातून सरासरी 1400 वजा केल्यावर जे फरक येतात, त्यांची बेरीज नेहमी शून्यच होते. म्हणून त्यांचे वर्ग करून बेरीज करावी लागते. ही बेरीज येथे 24,00,000 आहे. तिला नऊने भागून वर्गमूळ काढले की सुमारे 516 रुपये येतात. दर सरासरीपासून साधारणपणे किती लांब पांगले आहेत, याचे हे माप आहे. त्या 24 लाखांपैकी 12,10,000, म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा, एकट्या 300 च्या ढिगाचा आहे. वर्ग केल्यामुळे दूरच्या आकड्याचा प्रभाव फार वाढतो, आणि म्हणून हे माप सरासरीपेक्षाही अधिक हळवे असते.

सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन घेतले की 68 टक्के निरीक्षणे त्यात येतात, हा नियम घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणासाठी आहे. आपल्या यादीत नऊपैकी सहा दर त्या पट्ट्यात बसतात खरे, पण सरासरीतून तीन प्रमाण विचलने वजा केली तर दर शून्याखाली जातो, जे शक्यच नाही. यादी घंटेच्या आकाराची नाही, याची ही सरळ खूण. चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाची असमानता मात्र कोणत्याही आकाराच्या वितरणाला लागू पडते: दोन प्रमाण विचलनांच्या आत किमान तीन चतुर्थांश निरीक्षणे असतातच. सभेपुढे 516 चा एकटा आकडा न ठेवता त्यासोबत मध्यक आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त दर द्यावेत.

कृषी_सांख्यिकी:
पांगण्याच्या मापाला दुय्यम समजू नये, याचे आपल्याकडील एक महत्त्वाचे उदाहरण नमूद करतो. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास करताना दरडोई दररोज 2250 कॅलरी (उष्मांक) हा निकष धरला. मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा होता की, उष्मांकांची गरज माणसागणिक बदलते, एवढेच नव्हे तर एकाच माणसातही वेळोवेळी बदलते. त्यामुळे सरासरी गरजेहून कमी खाणाऱ्या प्रत्येकाला अपुरे पोषण मिळते असे धरल्यास धडधाकट माणसेही त्यात मोजली जातात. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून सीमारेषा ठरवावी, असे त्यांनी मांडले. दांडेकरांनी ते मान्य केले नाही. कोणाचीही बाजू घेतली तरी देशात उपाशी किती, या संख्येचे उत्तर प्रमाण विचलन किती धरले यावर अवलंबून होते.

आता नऊ की आठ. केवळ त्या दिवशीच्या आपल्या नऊ ढिगांचेच वर्णन करायचे असेल, तर नऊने भागावे. हे नऊ दर संपूर्ण हंगामाचा नमुना मानून हंगामातील चढउताराचा अंदाज बांधायचा असेल, तर आठाने भागावे. तसे केल्यास सुमारे 548 येतात. सरासरी त्याच नऊ आकड्यांतून काढलेली असल्यामुळे ते तिच्याजवळ जरा अधिक दाटलेले दिसतात, आणि आठाने भागल्याने ती तूट भरून निघते. एक्सेलमध्ये पहिल्यासाठी एसटीडीईव्ही.पी आणि दुसऱ्यासाठी एसटीडीईव्ही.एस हे सूत्र आहे. मात्र एकाच दिवसाचे नऊ ढीग हा हंगामाचा चांगला नमुना नव्हे; निरनिराळ्या आठवड्यांतील पट्ट्या घ्याव्यात.