एपेट शीटवर अॅसिटोन लागलं की पांढरे डाग का पडतात?

शीटवाला_गोकुळशिरगाव
०.३ मिमी एपेट (अस्फटिकी पीईटी प्लास्टिक) शीटमधून गुळाच्या पारदर्शक डब्या काढतोय. स्टिकरचा चिकटा अॅसिटोनच्या फडक्याने पुसला की तिथं दुधाळ डाग उठतो. तो पुसून जात नाही आणि घडीवर वाकवलं की तडकतो. बीओपेट (दोन दिशांनी ताणलेलं पीईटी) फिल्मवर तेच फडकं फिरवलं तर काहीच होत नाही. दोन्ही पॉलिएस्टरच ना? आणि हे डाग घालवता येतात का?

स्फटिक_विद्यानगर
पॉलिएस्टर एकच, पण रेणूंच्या साखळ्यांची मांडणी वेगळी. तुमची शीट झटक्यात थंड केलेली, म्हणजे जवळजवळ पूर्ण अस्फटिकी, साखळ्या अस्ताव्यस्त. तिचं काच-संक्रमण तापमान (टीजी) ७५ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाला साखळ्या गोठलेल्या राहतात. अॅसिटोन आत शिरलं की टीजी खोलीच्या तापमानाखाली उतरतो, साखळ्या सुटतात आणि जागच्या जागी स्फटिक बांधतात. एरवी यासाठी शीट १२०-१३० अंशांपर्यंत तापवावी लागते. बीओपेट ताणून उष्णतेने पक्की केलेली असते, तिच्यात निम्म्याच्या जवळपास स्फटिक आधीच असतात. द्रावकाला आत शिरायला वाव कमी.

आता गंमत बघा, एवढे स्फटिक असूनही बीओपेट पारदर्शक! म्हणजे पांढरेपणा नुसत्या स्फटिकांचा नव्हे. द्रावकामुळे पृष्ठभाग फुगतो, सूक्ष्म पोकळ्या पडतात, गोलाकार स्फटिकपुंज वाढतात आणि हे सगळं प्रकाश विखुरतं. घडीवर तडकतं तेही त्याच ठिसूळ थरामुळे.

डाग जाणार नाही. स्फटिक वितळायला २५० अंश लागतात. तो माल रीग्राइंडला (दळून पुन्हा वापरायला) टाका.

डीएससी_ऑपरेटर
खात्री करायची तर १०×५० मिमीच्या पट्ट्या अॅसिटोनमध्ये १, ५, ३० मिनिटं बुडवा. मग ६० अंशांवर व्हॅक्यूममध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. घाईनं १०० वर नेऊ नका. उरलेल्या द्रावकामुळे टीजी आधीच खाली असतो, ओव्हनच स्फटिक वाढवेल आणि दोष अॅसिटोनच्या माथी जाईल.

डीएससीला (नमुना तापवताना उष्णतेची देवाणघेवाण मोजणारं यंत्र) ५-८ मिग्रॅ, १० अंश प्रतिमिनिट. वितळण्याच्या ऊर्जेतून थंड-स्फटिकीकरणाची (तापवताना वितळण्याआधी होणाऱ्या स्फटिकीकरणाची) ऊर्जा वजा करा आणि १४० ज्यूल/ग्रॅमने (पूर्ण स्फटिकी पीईटीची वितळण्याची ऊर्जा) भागा. उदा. (४२−३०)/१४०, म्हणजे साधारण ८.६ टक्के स्फटिक. पहिलाच रन धरा, दुसऱ्यात नमुना आधीच वितळल्यानं इतिहास पुसलेला असतो. आणि पट्टीची अख्खी जाडी घेतलीत तर आकडा सरासरीचा येतो. डाग वरच्या थरातच असेल तर पातळ आडवा काप ध्रुवीकृत सूक्ष्मदर्शकाखाली बघा, द्रावक कुठवर पोचलं ती रेघ दिसते.

शीटवाला_गोकुळशिरगाव
मग चिकटा कशानं काढू? डायक्लोरोमीथेन चालेल?

स्फटिक_विद्यानगर
छे, ते तर अॅसिटोनपेक्षा झपाट्यानं शिरतं. आणि वाफ विषारी, पातळ नायट्राइल हातमोज्यातूनही झटकन आरपार जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा हेक्झेन घ्या, थोड्या वेळाच्या पुसण्यानं शीटला काही होत नाही. आधी कोपऱ्यावर पुसून बघा की. दोन्ही ज्वलनशील, फॉर्मिंगच्या हीटरजवळ नको.

एक खबरदारी: पावसाळ्यात कुठलंही उडणारं द्रावक शीट गार करतं आणि हवेतली वाफ तिच्यावर धरते. ते धुकं कोरड्या फडक्यानं जातं. जे जात नाही तेच स्फटिकीकरण.