भावाचं फुफ्फुस अचानक कोलॅप्स झालं: ऑपरेशन आत्ताच करावं की थांबावं?

धाकटा भाऊ, वय 23, उंच आणि काटकुळा. सिगारेट ओढतो (हे आम्हाला आत्ता कळलं). तीन आठवड्यांपूर्वी खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या छातीत कळ आली, श्वास पुरेना. स्नायू आखडला असेल म्हणून आम्ही दोन दिवस बाम चोळत बसलो. एक्स-रेत न्यूमोथोरॅक्स निघाला. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला हवेचे बारीक फुगे असतात म्हणे, त्यातला एखादा फुटला की हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि फुफ्फुस दबतं. मार नाही, जड काही उचललं नाही.

बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीत सोडली होती. चार दिवस मी त्या बाटलीतले बुडबुडेच बघत होते. आधी नुसत्या श्वासावर यायचे, मग फक्त खोकल्यावर, मग बंद. नळी काढली, आता एक्स-रे स्वच्छ आहे.

छातीचे डॉक्टर म्हणतात, पहिलीच वेळ आहे, वाट बघू. सर्जन म्हणतात, सीटीत फुगे दिसताहेत, दुर्बिणीतून काढू आणि फुफ्फुस छातीच्या आतल्या आवरणाला चिकटवून टाकू. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. कोणी थांबलं होतं का? शिवाय नळीच्या जागी अजून टोचतं आणि दर वेळी घरभर धाबं दणाणतं. परत झालंय हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद:
ताई, मी थांबलो होतो. चौदा महिन्यांनी त्याच बाजूला परत झालं, मग ऑपरेशन केलं. तरी थांबल्याचा पस्तावा नाही. ढोबळमानाने तिघांतल्या एकाला परत होतं, म्हणजे दोघं सुटतात. दुसऱ्यांदा झालं की मात्र बहुतेक डॉक्टर ऑपरेशनच सुचवतात. त्यानंतरही धोका शून्य होत नाही, पण खूप कमी होतो. भाऊ वैमानिक किंवा पाणबुड्या असेल तर पहिल्याच वेळी करून घेतात.

जखमेचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. माझं परत झालं तेव्हा आत खोलवर कापल्यासारखं होत होतं आणि जिन्यात धाप लागली. पण घरी अंदाज बांधू नका, शंका आली की एक्स-रे. धाप वाढत चालली, ओठ निळे पडले किंवा घेरी आली तर थेट इमर्जन्सी. विमानप्रवास एक्स-रे स्वच्छ झाल्यावरही निदान 7 दिवस नको, तोही डॉक्टरांना विचारून. स्कूबा डायव्हिंगचं नावच काढू नका.

आणि ऑपरेशनचं नंतर ठरवा, सिगारेट आज सुटली पाहिजे.

धागाकर्ती:
बैठं काम आहे त्याचं. मग थांबतोय. पाकीट काल त्यानेच माझ्या हातात आणून दिलं, त्यात दोन शिल्लक होत्या.