उसनं ई-बुक

‘विकत घेतलेलं ई-बुक मैत्रिणीला पाठवलं तर बिघडलं काय, छापील पुस्तक देतोच की,’ असं एका ताईंनी विचारलंय. बिघडतं ते असं. छापील प्रत एकदा विकली गेली की ती पुढे कुणाला द्यायची, यात प्रकाशकाला बोलता येत नाही. माझं पुस्तक विश्रामबागेतून गावभागात गेलं की माझ्या कपाटात तेवढी जागा रिकामी होते (सांगलीकरांच्या परत देण्याच्या सवयी पाहता बरेचदा कायमची!). फाइल पाठवली की मात्र दोन प्रती होतात. शिवाय दुकानातून आपण बहुतेकदा फक्त वाचायचा परवाना घेतलेला असतो.

किंडलवर (अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक रीडरवर) पूर्वी 14 दिवस उसनं देता यायचं, तेही एक पुस्तक एकदाच आणि अमेरिकेपुरतं. 2022 मध्ये तेही बंद झालं.

अमेरिकेतली वाचनालयं लिबी अ‍ॅपवरून ई-बुकं देतात. सहसा एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, म्हणून रांग लागते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत, दंडाचा प्रश्नच नाही. पण मोठ्या प्रकाशकांचे बरेच परवाने 2 वर्षांत संपतात आणि वाचनालयाला पुन्हा पैसे मोजावे लागतात. हे मला सरळसरळ लुटीचं वाटतं. कागदी पुस्तक वाळवीनं खाईपर्यंत तरी आपलं असतं.

लेखक जाऊन 60 वर्षं उलटली असतील तर आपल्याकडे मूळ मजकूर सहसा मुक्त असतो, तो खुशाल पाठवा. बाकी पुस्तकांसाठी मी रीडरच हातात देते, चार्जरसकट.