स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन गेलं, बांधून घेऊ का गाडीच बदलू? (सातारा)

सातारी_टर्बो
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. माझ्याकडं 2006 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, 1.8 टर्बो पेट्रोल, 150 पीएस, एमएच 11 पासिंग, 1,64,000 किमी झालेत. वडिलांनी नवी घेतलेली आणि मी गाडी शिकलो तेच हिच्यावर. मागच्या रविवारी पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो तेव्हा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, बझर वाजला आणि बंद झाला, मला वाटलं सेन्सर असंल, घरी जाऊन बघू, म्हणून तसाच आलो. सुरूरच्या पुढं टकटक सुरू झाली, भुईंजपर्यंत हातोडी मारल्यासारखा आवाज यायला लागला आणि पॉवरच गेली. तिथून टो करून एमआयडीसीतल्या गॅरेजला आणली. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घेतलं तर तांबूस चमचम, जरीची पूड मिसळल्यासारखी. पोटात गोळाच आला.

गॅरेजवाले म्हणतात इंजिन पूर्ण बांधायचं (खोलून, खराब पार्ट बदलून परत जोडायचं) तर अडीच ते तीन लाख, मुंबईहून वापरलेलं इंजिन आणून टाकलं तर सव्वा लाखापर्यंत. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं मेकॅनिकल बिघाड पॉलिसीत बसत नाही. गाडी चालू असती तरी विकून अडीच लाखाच्या वर कुणी दिले नसते. आई म्हणते काढून टाक, पाच-सहा लाखात वापरलेली पोलो जीटी टीएसआय बघ. काय करावं?

लेथ_मिरज
दादा, पहिली गोष्ट म्हणजे आता सेल्फ मारू नका, एकदाही नाही. लक्षणं सगळी बिग एंड बेअरिंग गेल्याची आहेत, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडतो तिथलं. तांबूस चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं लागलंय. पण कुणीही सम्प (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) न उघडता तीन लाख सांगत असंल तर तो अंदाजानं बोलतोय. सम्प खोला, रॉडची कॅप काढा, क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) नखानं तपासा आणि मग मायक्रोमीटर लावा. ओरखडे वरवरचे असले तर क्रँक ग्राइंड करून पाव एमएम अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकच्या मापाची) बेअरिंग बसतात. रॉड निळसर पडला असंल तर तो बदलायचाच. ब्लॉकला लागलं असंल किंवा रॉडनं भोक पाडलं असंल तर मात्र बांधायचा विषय संपला.

आणि ऑइल पिकअपची जाळी (पंप सम्पमधनं ऑइल ओढतो तिथली गाळणी) बघा. टर्बो गाडीला ऑइल बदलायला उशीर झाला की ऑइल जळून काळा गाळ होतो, तो जाळीत बसतो, घाटात जोर लावला की प्रेशर पडतं. तुमचा दिवा त्यामुळंच लागला असणार.

अजून एक, हे लोक हमखास विसरतात. बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडं फिरलेला असतो. ऑइल कूलर नवीनच टाका, तो धुऊन साफ होत नाही. टर्बोची ऑइल लाइन बदला, टर्बोचा शाफ्ट हलवून बघा. जुना कूलर ठेवून नवीन इंजिन बसवलं तरी तेच परत होणार. मी असं एक इंजिन दोन महिन्यांत परत आलेलं माझ्या हातानं खोललंय.

घाटमाथा
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. 2006 ची म्हणजे आरसी 2021 ला रिन्यू केली असणार, ती परत 2026 ला संपते. 20 वर्षांपुढच्या कारला रिन्युअलची फी 2025 पासून 10,000 झालीये, ग्रीन टॅक्स वेगळा, शिवाय आरटीओत गाडी दाखवायला ती चालती पाहिजे. इंजिन झालं की उद्या क्लच, परवा वायरिंग, सस्पेन्शन. घरात दुसरी गाडी नसंल आणि रोज हिच्यावरच जायचं असंल तर पोलो घ्या. तीन लाख घालून गाडीची किंमत तीन लाखानं वाढत नाही.

कृष्णाकाठ_10
वापरलेल्या इंजिनाबद्दल माझा अनुभव सांगतो. 2019 च्या पुरात सांगलीत आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं, पाणी उतरल्यावर भावानं घाईत चावी फिरवली, सिलेंडरमध्ये पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही, दोन रॉड वाकले. तेव्हा आम्ही स्वस्त म्हणून वापरलेलं इंजिन आणलं. ते कुठल्या गाडीचं, किती चाललेलं, आधी पाण्यात होतं का, काहीच कागद नाही. सात महिन्यांत ऑइल प्यायला लागलं. वर इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद लागते, त्यासाठी खरेदीचं बिल लागतं आणि आमच्याकडं तेच नव्हतं. त्यामुळं घ्यायचंच तर पक्कं बिल घ्या, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब मोजायची) समोर करून घ्या, चारही सिलेंडरचे आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत, आणि ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदावर धातूची चमक आहे का ते उन्हात धरून बघा. विकणारा फिल्टर कापू देत नसंल तर तिथनंच माघारी फिरा.

सातारी_टर्बो
सगळ्यांचे मनापासून आभार. काल समोर उभं राहून सम्प खोलून घेतला. जाळी निम्म्याहून जास्त बंद, काळा डांबरासारखा गाळ. मागचं ऑइल बदलून 17,000 किमी झाले होते, चूक माझीच आहे. दोन नंबरचं बेअरिंग पार पातळ होऊन जागेवरनं फिरलंय, तीन नंबरला ओरखडे, बाकी दोन ठीक. बोअरवर (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर) होनिंगच्या, म्हणजे मूळच्या घासाईच्या, रेघा अजून दिसतात, म्हणजे सिलेंडर फार झिजलेले नाहीत. क्रँक मोजला, पाव एमएममध्ये साफ होईल म्हणाले. दोन नंबरचा रॉड नवीन, सगळी बेअरिंग, ऑइल पंप, कूलर, टर्बोची लाइन, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप धरून 1,70,000 सांगितलेत, टर्बो चांगला निघाला तर. घाटमाथा दादा, तुमचं पटतंय, पण रोजच्या कामाला घरात वॅगनआर आहे, ही मला ठेवायचीय. आईलाही काल गॅरेजवर नेऊन ते बेअरिंग हातात दिलं, ती म्हणाली एवढंसंच गेलंय होय, मग कर नीट.

क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरला उद्यमनगरला पाठवायचा विचार आहे. मिरजेचे दादा, तुमच्याकडं होत असंल तर तुमच्याकडंच आणतो, मेसेज करा.

लेथ_मिरज
मेसेज केलाय. क्रँक उभा बांधून आणा, गाडीत आडवा टाकू नका. आणि जुनी बेअरिंग फेकू नका, सोबत आणा, जोडीजोडीनं नंबर घालून.