तणनाशकाला न जुमानणारं तण: दोष बियाण्याचा की फवारणीचा?

रानवारा: काल एकाने लिहिलं, "जीएम (जनुक बदललेल्या) पिकांनीच महातण जन्माला घातलं, बियाणं बंद करा." वाचून डोकं फिरलं. कॅनडात रानगाजर २,४-डी या तणनाशकाला पुरून उरलं ते १९५७ साली. ऑस्ट्रेलियात ग्लायफोसेट हे तणनाशक पचवणारं रायगवत १९९६ मध्ये नोंदलं गेलं, तेव्हा तिथे ग्लायफोसेट सोसणारं जीएम पीक कुणी पेरतच नव्हतं. दरवर्षी एकच औषध मारलं, की त्यातून वाचलेल्या झाडांचंच बी पडणार.

काळीमाती: ते मीच लिहिलंय. तुम्ही अर्धंच सांगताय. १९९६ मध्ये अमेरिकेत ग्लायफोसेट सोसणारं सोयाबीन आलं आणि उभ्या पिकावर तेच औषध मारायची मोकळीक मिळाली. २००० मध्ये डेलावेअरला त्याच सोयाबीनमधलं हॉर्सवीड नावाचं तण मरेना. पुढे पामर अमरँथ या तणाचंही तेच, तो माठाच्याच कुळातला. औषध ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच्या जनुकाच्या शंभरावर प्रती काही झाडांत निघाल्या. एका मादी झाडाला लाखोंनी बी!

रानवारा: बियाण्यामुळे वेग वाढला, इतकं मान्य. पुढचं नाही. क्लिअरफील्ड हा तणनाशक सोसणारा भात जीएम नाही, तरी त्याचा तो गुण रानभातात, म्हणजे भातातल्या तणात, उतरलाच.

काळीमाती: मग खुरपं हातात घ्या. आमच्या पिढ्यांनी तेच केलं.

खुरपेवाली: पिढ्यांनी नाही, बायकांनी केलं. माझी आई उकिडवी बसून सरी सरकायची. संध्याकाळी उठताना आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायची, मग गुडघा, मग कंबर. बोटांच्या पेरांत माती इतकी मुरलेली की कणीक मळायच्या आधी ती सुईने काढायची. तणनाशक आलं त्या वर्षी ती पहिल्यांदा दुपारी आडवी झाली. खुरपं घ्या म्हणणाऱ्याने आधी एक सरी काढून दाखवावी.

बांधकरी: आणि शेजाऱ्याच्या फवारणीचं काय? वाऱ्याने २,४-डी आलं, माझ्या कपाशीची पानं आखडून चिंधीसारखी झाली. जाब विचारला तर म्हणाला, वारा माझा आहे का!

रानवारा: बांधकरी, विषय तो नाही.

बांधकरी: ज्याचं पीक गेलं त्याला विषय शिकवू नका. ग्लायफोसेट चालेना म्हणून डायकांबा हे दुसरं तणनाशक सोसणारी पिकं आणली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत शेजाऱ्यांचं सोयाबीन त्याच्या वाफेने करपलं. हाच तो विषय.

काळीमाती: खुरपेवाली, निंदणीबद्दल बोललो ते चुकलं. मी स्वतः कधी दिवसभर बसलेलो नाही. पण बियाण्याबद्दलचं माझं मत तेच आहे.

खुरपेवाली: मत ठेवा. फवारणीतून वाचलेलं झाड बी धरायच्या आत उपटायला मात्र स्वतः या.